पास, परवाना आणि पगार

धंद्यातल्या माणसांच्या बैठकीत एक वाक्य हमखास निघते. "आपण भले, आपले दुकान भले. सरकार कोणाचेही येवो, गिऱ्हाईक तर येणारच." सांगणारा बहुधा केस पिकलेला, चार मंदी-तेजी पाहिलेला असतो, म्हणून तरुण मंडळी माना डोलावतात. त्यालाच जोडून दुसरे मत येते : बाजाराला रंग नसतो, पैशाला जात नसते, भेदभाव करणारा व्यापारी शेवटी स्वतःचाच गल्ला रिकामा करतो, त्यामुळे व्यापार वाढला की भेदभाव आपोआप गळून पडतो.

ही दोन्ही मते शंभर वर्षे कसाला लागली असा एक देश आहे, दक्षिण आफ्रिका. आपल्या वाचकांना तो अगदी परका नाही. रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून केपटाऊनला जात होते. त्यांनी तिथे फेरी केली, दुकाने टाकली, बिऱ्हाडे केली, आणि 'कोकणी' ही ओळख तिथे टिकवली. दरबान आणि जोहान्सबर्गकडे पोरबंदरचे मेमण आणि सुरतेचे व्यापारी गेले. ज्या मुकदम्यासाठी बॅरिस्टर गांधी १८९३ मध्ये दरबानला उतरले, तो पोरबंदरच्याच दादा अब्दुल्ला यांच्या पेढीचा. तेव्हा या मंडळींच्या हिशेबाच्या वहीतून त्या देशाकडे पाहायला हरकत नसावी. मात्र त्या वहीचे पहिले पान खाणीत लिहिले गेले, म्हणून आधी तिकडे जाऊ.

१८८६ मध्ये विटवॉटर्सरँडवर सोने सापडले. सोने अमाप होते, पण दगडात फार विरळ आणि फार खोल. खर्च प्रचंड, आणि सोन्याचा भाव तर जगाच्या बाजारात ठरलेला. खाणमालकाला तो एका पैशाने वाढवता येत नव्हता. कापडवाला सुताचा भाव चढला की थानाचा भाव चढवतो, इथे ती सोय नाही. यंत्रे विलायतेतून येणार, सुरुंगाची दारू ठरल्या भावाने येणार. कमी करता येईल असा एकच खर्च उरला, तो म्हणजे मजुरी. काळा आफ्रिकी माणूस काही मजुरीच्या शोधात नव्हता. त्याच्याकडे जमीन होती, गुरे होती, मका पिकत होता. बाजाराच्या नियमाने पाहिले तर मजूर कमी म्हणजे मजुरी चढायला हवी. ती चढली नाही, कारण मध्ये सरकार आले.

सरकारने काय केले ते क्रमाने पाहण्यासारखे आहे. आधी कर. १८९४ च्या ग्लेन ग्रे कायद्याने केप वसाहतीत जो घराबाहेर मजुरीला जाणार नाही त्याच्यावर दहा शिलिंगांचा कर बसवला. हा कायदा आणणारा पंतप्रधान सेसिल ऱ्होड्स स्वतः हिऱ्यांच्या खाणींचा मालक होता. नाताळमध्ये डोईपट्टी एक पौंड झाली आणि १९०६ मध्ये झुलूंचे बंड उसळले. कर रोख भरायचा, आणि रोख पैसा खाणीत किंवा गोऱ्याच्या शेतावरच मिळायचा. मग जमीन. १९१३ च्या जमीन कायद्याने देशातली जेमतेम सात टक्के जमीन आफ्रिकी लोकांसाठी राखली. १९३६ मध्ये ती तेरा टक्क्यांपर्यंत नेण्याचे ठरले. बाकीच्या जमिनीवर त्यांनी विकत घ्यायचे नाही, भाड्यानेही घ्यायचे नाही. लोकसंख्येत मोठा वाटा त्यांचाच.

आणि मग पास. शहरात राहायचे, काम करायचे तर अंगावर पास हवा. १९५२ नंतर त्याचे एक पुस्तकच झाले, त्यात मालकाने महिन्याच्या महिन्याला सही करायची. सही चुकली, नोकरी गेली किंवा पुस्तक घरी विसरले की अटक. (१९५२ च्या त्या कायद्याच्या नावात 'पास रद्द करणे' असे शब्द होते. कायद्यांची नावे ठेवणारे लोक जगात सगळीकडे सारखेच.) एका अभ्यासानुसार १९१६ ते १९८४ या काळात पास-कायद्यांखाली धरल्या गेलेल्यांची संख्या पावणेदोन कोटींच्या घरात जाते. धरलेल्यांपैकी कित्येकांना तुरुंगाऐवजी शेतावर पाठवत. बेथलच्या बटाट्याच्या मळ्यांवर त्यांचे काय हाल होत हे 'ड्रम' मासिकाने १९५२ मध्ये छापले, आणि १९५९ मध्ये लोकांनी बटाटा खाणेच सोडले.

आता मालकांकडे पाहा. एरवी ते एकमेकांचे स्पर्धक. पण मजूरभरतीच्या बाबतीत त्यांनी चेंबर ऑफ माइन्सच्या छत्राखाली एकी केली, १९१२ मध्ये भरतीसाठी एकच कंपनी काढली आणि कोणत्याही खाणीने सरासरी मजुरी अमुक मर्यादेवर न्यायची नाही असे आपसात ठरवले. मजूर एका खाणीतून उठून दुसऱ्या खाणीत चार आणे जास्त मागायला जाईल ही वाटच ठेवली नाही. शिवाय त्याला कुंपणाच्या आत, कंपाउंडमध्ये ठेवायचे, बायको-मुले गावाकडे. ठरावीक महिन्यांचा करार संपला की त्याने गावी परतायचे. यात मोठा हिशेब होता. हॅरोल्ड वुल्प या अभ्यासकाने १९७२ मध्ये तो नीट मांडला. मजुराचे कुटुंब गावच्या तुकड्यावर पोट भरते, म्हातारपण आणि आजारपण गाव सांभाळते, म्हणून मालकाला एका माणसाच्या पोटापुरतीच मजुरी द्यावी लागते. कोकणात मनीऑर्डरवर चाललेले घर ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे लगेच कळेल, फक्त इथे पैसा उलट दिशेने वाहत होता. गाव खाणीला पोसत होते.

फ्रान्सिस विल्सन यांनी सोन्याच्या खाणींतल्या मजुरीचा हिशेब त्याच वर्षी प्रसिद्ध केला. महागाई वजा जाता काळ्या खाणकामगाराची १९६९ मधली रोख कमाई १९११ पेक्षा जास्त नव्हती. अठ्ठावन्न वर्षे! या काळात गोऱ्या कामगाराची मजुरी काळ्याच्या अकरा-बारा पटीवरून वीस पटीवर गेली. व्यापार वाढला की भेदभाव गळून पडतो म्हणणाऱ्यांनी हा आकडा दुकानातल्या पाटीवर लिहून ठेवावा. ही वर्षे त्या देशाच्या भरभराटीची होती.

इथे गोऱ्या कामगाराबद्दल बोलले पाहिजे, कारण आपल्याकडच्या पुस्तकांत मालक आणि मजूर असे दोनच पक्ष असतात. तिथे तीन होते. १९११ च्या खाण कायद्याचा आधार घेऊन कसबाची कामे गोऱ्यांसाठी राखली गेली होती. पहिल्या महायुद्धानंतर सोन्याचा भाव उतरला तेव्हा मालकांनी मधल्या प्रतीच्या कामांवरून महागडे गोरे काढून स्वस्त काळे लावायचे ठरवले. १९२२ मध्ये गोरे खाणकामगार संपावर गेले आणि संपाचे बंड झाले. त्यांच्या फलकावर जगातल्या कामगारांना एक होण्याची हाक होती, आणि कशासाठी एक व्हायचे, तर गोऱ्या दक्षिण आफ्रिकेसाठी. पंतप्रधान स्मट्स यांनी तोफा आणि विमाने आणून ते मोडले. दोनशेच्या आसपास माणसे मेली. मालक जिंकले असे वाटले. पण गोऱ्यांना मत होते. दोन वर्षांत स्मट्स यांचे सरकार पडले आणि नव्या सरकारने गोऱ्या कामगाराला रंगाचे संरक्षण कायद्याने दिले. १९२४ च्याच औद्योगिक तडजोड कायद्यात 'कामगार' या शब्दाची व्याख्या अशी केली की पास बाळगणारा आफ्रिकी त्यात बसूच नये. बारा तास दगड फोडणारा माणूस कायद्याने कामगार नव्हता, म्हणून त्याची युनियन मान्य नाही आणि मालकाशी बोलणीही नाहीत. १९४६ मध्ये सत्तर हजारांवर काळे खाणकामगार दिवसाला दहा शिलिंगांसाठी संपावर गेले, तेव्हा पोलिसांनी त्यांना खालून काठ्यांनी हुसकत वर आणले. किमान नऊ जण मारले गेले आणि मजुरी होती तिथेच राहिली.

कारागीर वाचकांनी दोन कायदे लक्षात ठेवावेत. १९२२ च्या शिकाऊ कामगार कायद्यात रंगाचा एक शब्द नाही. उमेदवारीला लागण्यासाठी ठरावीक इयत्ता पास हवी, एवढेच. पण त्या इयत्तेची शाळा आफ्रिकी मुलांच्या वाट्याला फारशी येतच नव्हती. म्हणजे दार उघडे, पायरी मात्र काढून घेतलेली. दुसरा कायदा १९५१ चा, बांधकाम मजुरांचा. आफ्रिकी गवंड्याने गोऱ्यांच्या शहरात कसबाचे काम केले तर तो गुन्हा. स्वतःच्या लोकांच्या वस्तीत त्याने तेच काम करावे, कमी मजुरीत. तीच थापी, तोच ओळंबा, तीच वीट. रस्त्याच्या अलीकडे मिस्त्री, पलीकडे आरोपी. १९५६ नंतर तर सरकारला कोणतेही काम कोणत्याही वंशासाठी राखण्याचा अधिकार मिळाला. जोहान्सबर्गमध्ये लिफ्टचे बटण दाबण्याचे काम गोऱ्यांसाठी राखले गेले. केपटाऊनचे मलय मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या गवंडी, सुतार, शिंपी. त्यांच्याही हातातल्या कामावर हळूहळू रेघा पडत गेल्या.

आता आपल्या व्यापाऱ्यांची वही उघडू.

गिरमिटिया मजूर १८६० पासून नाताळमध्ये उसाच्या मळ्यांसाठी आणले गेले. स्वतःच्या भाड्याने गेलेले व्यापारी त्यांच्या मागोमाग आले. मालक गोऱ्यांना मजूर हवे होते, पण गोऱ्या दुकानदाराला शेजारी दुकानदार नको होता. हा माणूस थोड्या नफ्यावर विकतो, आफ्रिकी गिऱ्हाइकाला उधार देतो, रात्री उशिरापर्यंत दुकान उघडे ठेवतो, ही तक्रार. म्हणजे बाजारात हरवता येत नाही म्हणून कायद्याने हरवायचे. ऑरेंज फ्री स्टेटने १८९१ मध्ये भारतीय व्यापाऱ्यांना सरळ हाकलले. ट्रान्सवालमध्ये १८८५ पासून जमीन नावावर करता येईना. नाताळने जास्त हुशारी केली. १८९७ च्या परवाना कायद्यात वंशाचे नावही नव्हते. हिशेब इंग्रजीत ठेवा, जागा स्वच्छ ठेवा, आणि परवाना द्यायचा की नाही हे अधिकारी ठरवील. अधिकारी नगरपालिकेचा, अपील नगरपालिकेकडे, नगरपालिकेत गोरे दुकानदार. कोर्टाचे दार बंद. ज्याच्याशी स्पर्धा त्याच्याच हातात आपला परवाना.

अहमद मुहंमद काछलिया यांची हकिकत गांधीजींनी लिहून ठेवली आहे. ट्रान्सवालच्या सत्याग्रहात ते संघटनेचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांचे गोरे घाऊक व्यापारी म्हणाले, चळवळ सोडा, नाहीतर आमचा पैसा आत्ताच्या आत्ता मोजा. धंदा ठणठणीत होता. माल दुकानात होता, येणे बाजारात होते. पण रोख एका दिवसात कुठून आणायची? काछलियांनी दिवाळे मान्य केले, चळवळ सोडली नाही. शेवटी देणेकऱ्यांना पौंडाला पूर्ण वीस शिलिंग मिळाले, म्हणजे दिवाळे हिशेबाचे नव्हतेच. उधारीवर चालणाऱ्या धंद्यात घाऊक व्यापारी राजकारण करू शकतो, हे त्या दिवशी सगळ्या बाजारपेठेने पाहिले.

क्रुगर्सडॉर्पच्या दादूंनी वेगळी वाट काढली. भारतीयाला जमीन घेता येत नाही, पण कंपनीला वंश कुठे असतो? त्यांनी कंपनी काढून तिच्या नावाने जमीन घेतली. नगरपालिका कोर्टात गेली आणि १९२० मध्ये सर्वोच्च अपील न्यायालयाने निकाल दिला की कंपनी ही भागधारकांपासून वेगळी व्यक्ती आहे. वकिली शिकणाऱ्या मुलांना हा खटला आजही माहीत असतो. पण त्याच सुमारास नवा कायदा करून ती फटही बुजवली. मग गोऱ्या माणसाच्या नावावर दुकान आणि विश्वासावर मालकी, असा व्यवहार कित्येक वर्षे चालला. त्याच घरातले डॉ. युसुफ दादू पुढे काळ्या लोकांच्या लढ्याचे मोठे पुढारी झाले, हे योगायोगाने घडले असे मला वाटत नाही.

पण वहीत खर्चाची बाजूही असते, आणि ती लपवली तर हिशेब खोटा. भारतीय दुकानदार स्वतः पिडलेला होता, तरी त्याच्या दुकानात पोते उचलणारा आफ्रिकी नोकर त्याच स्वस्त मजुरीवर होता. ती मजुरी दुकानदाराने ठरवली नव्हती, पण फायदा घेतला होता. सरकारने आफ्रिकी माणसाला स्वतःचे दुकान मोठे करू दिले नाही, ही गिऱ्हाईकही भारतीय दुकानाकडे वळवणारी गोष्ट होती. जानेवारी १९४९ मध्ये दरबानला दंगल झाली, १४२ माणसे मेली, भारतीयांची दुकाने-घरे जळाली. कित्येक गोरे लोक रस्त्यावर उभे राहून चिथावणी देत होते, हे नमूद आहे. पण जाळणाऱ्याच्या मनात राग होता तो रोजच्या काउंटरवरचा. वरच्याने खालच्या दोघांना एकाच शिडीच्या दोन पायऱ्यांवर उभे केले. खालच्याला फक्त वरच्याचे पाय दिसत होते.

१९४८ नंतर 'अपार्थाइड' आले आणि १९५० चा ग्रुप एरियाज कायदा झाला. शहराचे वंशवार तुकडे. हा कायदा आपल्या माणसांना सगळ्यात जास्त झोंबला. त्याखाली १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हलवलेली गोरी कुटुंबे अडीच हजारांच्या आत. भारतीय कुटुंबे चाळीस हजारांच्या आसपास, 'कलर्ड' कुटुंबे ऐंशी हजारांवर. केपटाऊनचा डिस्ट्रिक्ट सिक्स १९६६ मध्ये गोऱ्यांचा जाहीर झाला. साठ हजार माणसे उठवली, घरे पाडली, मशिदी-चर्चे तेवढी उभी ठेवली. जोहान्सबर्गच्या पेजव्ह्यूमधली चौदावी गल्ली ही कापडाची आणि स्वस्त मालाची नावाजलेली पेठ. सगळ्या रंगांचे गिऱ्हाईक तिथे येई. तिथल्या व्यापाऱ्यांना उठवून १९७० च्या दशकात ओरिएंटल प्लाझा नावाच्या सरकारी इमारतीत नेले आणि राहायला शहराबाहेर दूर लेनेशियात. प्लाझातले भाडे कितीतरी जास्त. जुन्या जागेत दुकान खाली, घर वर. आता मालक रोज गाडीने दुकानात येणार. जागेवर बसलेल्या गिऱ्हाइकीचे मोल सरकारी नुकसानभरपाईत धरले गेले नाही.

खालच्या पायरीवर तर दुकानच नको असे धोरण होते. १९६३ च्या नियमांनी आफ्रिकी दुकानदाराला एकच धंदा, तोही दूध-पाव-भाजी-कोळशासारख्या रोजच्या गरजेचा. भागीदारी नाही, कंपनी नाही. सोवेटोचे रिचर्ड मापोनिया यांना कापडाचे दुकान टाकायचे होते, परवाना मिळाला नाही. त्यांनी सायकलवरून दूध पोचवण्याचा धंदा उभारला. २००७ मध्ये सोवेटोत त्यांच्या नावाचा मॉल उघडला, तोवर ते ऐंशीच्या पुढे गेले होते.

या सगळ्याला तडा कुठून गेला? व्यापाराने, असे अजूनही काही पंडित सांगतात. त्यात थोडे तथ्य आहे. १९७० च्या सुमारास कारखानदारांना कसबी कामगार पुरेना, मजुराच्या हातात पैसा नसल्याने मालाला गिऱ्हाईक पुरेना. त्यांना रंगाची भिंत जड होऊ लागली होती. पण जड होणे वेगळे आणि ढकलणे वेगळे. ढकलले ते ९ जानेवारी १९७३ ला दरबानच्या एका विटांच्या कारखान्यात. आठवड्याला नऊ रँडही नसलेली मजुरी वीस रँड करा, म्हणून दोनेक हजार मजूर बाहेर आले. बोलणी करायला प्रतिनिधी निवडा म्हटले तर निवडेनात, कारण निवडलेला आधी उचलला जातो. संप कापडगिरण्यांत पसरला, तिथे भारतीय कामगारही होते. वर्षभरात लाखाच्या आसपास कामगार संपावर जाऊन आले. काळ्यांचा संप बेकायदा होता, पण एवढ्यांना कोंडायला तुरुंग कुठून आणणार? सहा वर्षांनी, १९७९ मध्ये, सरकारला आफ्रिकी युनियन मान्य करावी लागली. १९८५ मध्ये 'कोसाटू' हा मोठा कामगार महासंघ उभा राहिला, १९८६ मध्ये पास गेले, १९९१ मध्ये ग्रुप एरियाज गेला.

या काळात 'आपण भले, आपले दुकान भले' म्हणणारे तिथेही पुष्कळ होते. त्यांना दोष देणे मला जमत नाही. घरात मुले आणि दारात परवाना-अधिकारी असताना शूर होणे सोपे नसते. पण त्यांचे दुकानही वाचले नाही, हे नोंदवले पाहिजे. केपटाऊनचे इमाम अब्दुल्ला हारून आफ्रिकी वस्त्यांत जात, तिथल्या कुटुंबांना मदत पोचवत. १९६९ मध्ये पोलीस कोठडीत चार महिन्यांनी त्यांचा अंत झाला. तेव्हाही पुष्कळांना वाटले, इमामांनी एवढे खोलात जायला नको होते. तीन वर्षांपूर्वीच डिस्ट्रिक्ट सिक्सच्या दुकानदारांवर नोटिसा निघाल्या होत्या, आणि त्यांत चळवळीत पडलेला कोण आणि न पडलेला कोण असा भेद नव्हता.

आपल्या देशाने १९४६ मध्येच दक्षिण आफ्रिकेशी व्यापार बंद केला, असे करणारा पहिला देश. तागाच्या गोण्यांचे मोठे गिऱ्हाईक त्यात गेले. १९९३ पर्यंत ही बंदी चालली. धंद्याचे नुकसान सोसून घेतलेला तो निर्णय होता, आणि आमच्या व्यापारी मंडळांच्या भाषणांत त्याचा उल्लेख क्वचितच ऐकू येतो.

१९९४ मध्ये मते सगळ्यांना मिळाली. कायद्यातला रंग गेला, ताळेबंदातला तितका गेला नाही. १९८७ मध्ये तीन लाखांच्या आसपास खाणकामगारांचा तीन आठवड्यांचा संप चालवणारे सिरिल रामाफोसा पुढे उद्योगपती झाले आणि मग राष्ट्राध्यक्ष. १६ ऑगस्ट २०१२ ला मारिकानाच्या प्लॅटिनम खाणीवर महिना साडेबारा हजार रँड मागणाऱ्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला, चौतीस मेले. त्या खाण कंपनीच्या संचालक मंडळावर तेव्हा रामाफोसा होते. बेकारीचा सरकारी आकडा अलीकडच्या वर्षांत तीस टक्क्यांच्या वर आहे.

सोन्याच्या खाणीतली धूळ फुप्फुसात साठते, तिचा रोग वीस-वीस वर्षांनी दिसतो. करार संपवून गावी परतलेले मजूर तिथेच खोकत राहिले. त्यांच्या औषधाचा खर्चही गावानेच केला. २०१९ मध्ये कोर्टाने मान्य केलेल्या तडजोडीत खाण कंपन्यांनी पाच अब्ज रँड देण्याचे कबूल केले. आता ती रक्कम वाटणारी संस्था लेसोथोपासून मोझांबिकपर्यंतच्या खेड्यांत जुने हजेरीपट जुळवत फिरते आहे, आणि कित्येक घरांत दावा सांगायला विधवाच पुढे येत आहेत.